सत्तेचाळीस नंबरची गोधडी

ज्या जागी मी बारा वर्षं उभी राहून लिलाव पुकारला, नेमक्या त्याच जागी तिने पांढरा पडदा लावला. खिळा ठोकायला ती स्टूलवर चढली, तेव्हा स्टूल मीच धरलं होतं. त्या वेळी मनात आलेला विचार सांगण्यासारखा नाही, तरी सांगते. हे स्टूल जरासं हललं तर काय बहार येईल, असं मला वाटलं. मग घाबरून मी ते आणखी घट्ट धरलं.

ती आमच्या कोषाध्यक्षांची सून. बंगलोरला कॉम्प्युटरची नोकरी करून लग्नानंतर नाशिकला आलेली. मी तिच्याहून पंचवीस वर्षांनी मोठी, वसतिगृहाच्या ऑफिसातली कारकून. वसतिगृह पेठ-सुरगाण्याकडच्या मुलींचं होतं. सरकारी अनुदान कधी यायचं, कधी नुसतंच येणार असायचं, म्हणून दर जानेवारीत गंगापूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयात आम्ही मेळावा भरवायचो. मुलींची गाणी, मग लिलाव, मग मसालेभात आणि जिलेबी. लिलावाच्या वस्तू लोकच द्यायचे. कुणी येवल्याची पैठणी, कुणी द्राक्षांच्या पहिल्या पेट्या, कुणी लग्नात दोन-दोन आले म्हणून एक मिक्सर. आणि एक गोधडी, मुलींनी वर्षभर शिवलेली.

लिलाव माझ्याकडे आला तो वडिलांमुळे. ते येवल्याला कांदा बाजारात लिलाव पुकारायचे. लहानपणी शाळा सुटली की मी त्यांच्या मागे ट्रॅक्टरच्या रांगांमधून फिरायची. ते म्हणायचे, "लय वरडून काय व्हत नाय पोरी. आकडा कोणी बी मोजंल. हात कोनाचा वर हाय, ते आधी बघ." पहिल्या मेळाव्याला ठरलेले पाहुणे आले नाहीत आणि अध्यक्षांनी घाईघाईने माईक माझ्या हातात दिला. वडिलांचा सगळा बाजार माझ्या तोंडून बाहेर आला. "डॉक्टरसाहेब, घड्याळाकडे बघू नका, बायकोकडे तर मुळीच बघू नका, माझ्याकडे बघा!" हॉल हसला. डॉक्टरांनी बोली वाढवली. त्या दिवसापासून मेळावा म्हणजे मीच, असं मी धरून चालले.

खोटं कशाला बोलू, वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस मी त्या एका दिवसासाठी जगत होते. ऑफिसात माझ्याकडे जावक नोंदवही, मुलींच्या रेशनचे अर्ज आणि गळका नळ. मेळाव्याच्या दिवशी मात्र मोठमोठे बागायतदार माझ्या एका वाक्याने लाजायचे. आठवडाभर आधीपासून बायका विचारायच्या, यंदा कुठली साडी नेसणार? आमचे हे म्हणायचे, "आज काय, तुझी दिवाळी."

लिलावात आमची एक रीत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती. कुणी उठून 'स्मरणार्थ' असं म्हणून बोली लावली, की बाकीचे हात खाली यायचे. आकडा कितीही लहान असो, त्यावर कुणी चढायचं नाही. मी एक वार, दोन वार, तीन वार म्हणायची आणि वस्तू त्या माणसाची. एकदा एका नवख्या बिल्डरने अशा बोलीवर हात वर केला. मी माईकवरून म्हटलं, "साहेब, ही बोली आईच्या नावाची आहे." त्याने भर हॉलमध्ये कान पकडले आणि पुढच्या वस्तूला दुप्पट दिले.

या रीतीत सगळ्यात ठरलेली बोली असायची आमच्या पोस्टमास्तरांची. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण सगळे त्यांना पोस्टमास्तरच म्हणत. त्यांची बायको दर गुरुवारी वसतिगृहात येऊन मुलींना गोधडी शिकवायची. गोधडीचा मेळाव्यात लिलाव करायची कल्पना तिचीच. ती गेली, त्यानंतर पोस्टमास्तर दरवर्षी तिचं एक पातळ कपाटातून काढून ऑफिसात आणून द्यायचे. मुली ते गोधडीच्या वरच्या अंगाला लावायच्या. मग मेळाव्यात ते उभे राहायचे आणि एवढंच म्हणायचे, "हिच्या स्मरणार्थ." आकडा त्यांच्या पेन्शनीला झेपेल तेवढा. 'ही' कोण, ते अख्ख्या हॉलला माहीत होतं. मी हळू आवाजात तीन वार म्हणायची. पैसे मुलींना मिळायचे, पातळ घरी परत जायचं. त्या एका वस्तूच्या वेळी मी कधी थट्टा केली नाही.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी दिवाळीनंतर ते मोरपंखी रंगाचं सुती पातळ घेऊन आले. टेबलावर ठेवलं, त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "ताई, हे शेवटचं. आता कपाटात फक्त माझेच शर्ट." मी पोचपावती लिहून दिली.

त्याच महिन्यात कमिटीची बैठक झाली आणि कोषाध्यक्षांनी सुनेला बोलायला उभं केलं. तिने लॅपटॉप उघडला. म्हणाली, "गेल्या वर्षी हॉलमध्ये दोनशे माणसं होती. बोली किती जणांनी लावली? अकरा. बाकीचे काय फुकट जेवायला येतात का? नाही. त्यांना हात वर करायला लाज वाटते. बायका तर हात वर करतच नाहीत." तिचं म्हणणं असं, की दारात प्रत्येकाला एक नंबर द्यायचा. बोली एसएमएसने पाठवायची, मोबाइल नसेल त्याने चिठ्ठी पेटीत टाकायची. ती सगळं कॉम्प्युटरमध्ये भरणार आणि पडद्यावर वस्तूचं चित्र, सगळ्यात मोठी बोली आणि नंबर दिसणार. नाव दिसणार नाही. म्हणजे कुणाला लाज नको, कुणाचा संकोच नको.

ती बरोबर बोलत होती, आणि तिथेच माझ्या पोटात दुखायला लागलं. माझी सख्खी नणंद बारा वर्षं मागच्या रांगेत बसून पैठणीकडे बघत होती, तिचा हात कधी वर आला नव्हता. हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण लाजणाऱ्यांची लाज मोडली तर माझी थट्टा कशावर चालणार! मला तिचं हुशार असणं सलत होतं, तिचे कापलेले केस सलत होते, आणि सगळ्यात जास्त सलत होतं ते तिचं मला 'मावशी' म्हणणं. वाईट असती तर किती सोपं झालं असतं. द्वेष करायला जरा तरी जागा द्यावी माणसाने.

"मावशी, तुम्ही दाराशी बसाल?" तिने विचारलं. "नंबर द्यायचे आणि रजिस्टरमध्ये नाव लिहायचं. ते काम विश्वासाचं आहे."

बारा वर्षं माईक, आणि आता रजिस्टर! मी म्हटलं, "बसेन की."

मग तिने वही काढली आणि सरळ मनाने विचारलं, "अजून काही लक्षात ठेवायला हवं का? तुमच्या लिलावाचे काही नियम असतील ना?"

मला स्मरणार्थ बोलीची आठवण झाली नाही, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत आले. आठवण लगेच झाली होती. मी म्हटलं, "छे गं. तुझ्या कॉम्प्युटरला सगळं कळतंच." ती हसली. तिला टोमणा कळला नाही, आणि त्याचाही मला राग आला.

मेळावा रविवारी दुपारी चारला सुरू झाला. मी दाराशी टेबल मांडून बसले. नवी साडी घेतली नव्हती, मुद्दामच. येणाऱ्या प्रत्येकाने विचारलं, "आज इथे कशा?" मी म्हणायची, "बढती झाली." पोस्टमास्तर आले. पांढरा सदरा, हातात मुलीने पुण्याहून पाठवलेला मोबाइल. मी त्यांना सत्तेचाळीस नंबरचं कार्ड दिलं आणि तो मेसेज कसा पाठवायचा तेही सांगितलं. ते म्हणाले, "नावाचं काय? नाव कुठे सांगायचं?" मी म्हटलं, "आता नाव नसतं. नंबरच." त्यांनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि आत जाऊन तिसऱ्या रांगेत बसले.

लिलाव सुरू झाला आणि मला वाटलं होतं तसा तो फसला नाही. पडद्यावर आकडे भराभरा वाढत होते. मागच्या रांगेतल्या बायका पदराआड मोबाइल धरून खुदूखुदू हसत होत्या. मिक्सरवर तर दोनच नंबर झुंजत राहिले, शेवटी एका बाईने न राहवून नवऱ्याचं कार्ड ओढून बघितलं तर तेच दोघं एकमेकांवर चढत होते! सगळा हॉल हशाने दणाणला. मी दाराशी बसून ऐकत होते. तो हशा माझा होता. बारा वर्षं तो मी काढला होता, आणि आज एका मशीनने काढला. कोल्ह्याला द्राक्षं आंबट म्हणतात. नाशिकमध्ये राहून त्या म्हणीची चव मला त्या दिवशी कळली.

पैठणी गेली. कुणाकडे, ते रजिस्टर बघून कळलं. माझी नणंद.

मग पडद्यावर गोधडी आली. मोरपंखी पातळ पडद्यावर फारच सुंदर दिसत होतं. पहिला नंबर उमटला, सत्तेचाळीस. आकडा नेहमीचाच. हॉलमध्ये कुणालाच सत्तेचाळीस म्हणजे कोण ते कळलं नाही; पोस्टमास्तर उठले नाहीत, तेव्हा यंदा त्यांची बोली नाही असंच सगळ्यांनी धरलं. दोन मिनिटांत वर एकशे बारा आला. मी बोट फिरवत रजिस्टरमध्ये एकशे बारा शोधला. दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार, परदेशात माल पाठवणारे. भला माणूस. आधी कितीदा पोस्टमास्तरांच्या बोलीला त्यांनी खाली मान घालून टाळ्या वाजवल्या होत्या. नुसतं जवळ जाऊन कानात सांगितलं असतं तर त्यांनी जीभ चावली असती. दारापासून त्यांच्या खुर्चीपर्यंत वीस पावलंसुद्धा नव्हती.

सत्तेचाळीस पुन्हा वर आला. एकशे बारा त्याच्या वर. सत्तेचाळीस. एकशे बारा. आकडा पेन्शनीच्या बाहेर गेला होता.

मी उठले नाही. मला वाटलं, होऊ दे. आता पोस्टमास्तर उभे राहतील, बोलतील, हॉलमध्ये गलका होईल, आणि सगळ्यांच्या लक्षात येईल की आकडे मोजणं म्हणजे लिलाव नव्हे. मग कुणीतरी म्हणेल, बाईंना बोलवा. मी ते वाक्य मनात ऐकलंसुद्धा. बाईंना बोलवा.

पोस्टमास्तर उभे राहिले नाहीत. ते मोबाइलवर एका बोटाने बराच वेळ काहीतरी टिपत होते. पडद्यावर काही बदललं नाही. मग त्यांनी मान वळवून मागे दाराकडे पाहिलं. मी पट्टी घेतली आणि आधीच आखलेल्या ओळीखाली पुन्हा रेघ ओढली. रेघ ओढून वर पाहिलं तेव्हा पडद्यावर मिठाईच्या खोक्याचं चित्र होतं. गोधडी एकशे बाराला गेली होती.

ते न जेवता गेले. जाताना कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "येतो ताई."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेढे आले. इतका निधी कधी जमला नव्हता. कोषाध्यक्ष सुनेचं कौतुक करताना थांबेनात. मी वाट बघत होते, की कुणीतरी म्हणेल, गोधडीचं जरा चुकलंच. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. सांगायचं तर मलाच सांगावं लागलं असतं, आणि तेव्हा पहिला प्रश्न आला असता, नंबर आणि नावं कुणाकडे होती? अपशकुन करायला मी स्वतःचं नाक कापून घेतलं, आणि ते कुणाला दिसलंसुद्धा नाही. पेढा मात्र मी खाल्ला.

मंगळवारी ती मोबाइल घेऊन माझ्या टेबलाशी आली. मेळाव्याला आलेले मेसेज ती तपासत होती. एक मेसेज आकड्याचा नव्हता म्हणून तिने त्या गडबडीत बाजूला टाकला होता. तिने वाचून दाखवला. "हिच्या स्मरणार्थ. कृपया सांगावे." सत्तेचाळीस नंबरचा.

"मावशी, हिच्या म्हणजे कुणाच्या? आणि सांगावे म्हणजे कुणाला सांगावे?"

मी तिला सगळं सांगितलं. रीत सांगितली, गुरुवारची गोधडी सांगितली, शेवटचं पातळ सांगितलं. मी वेळेवर ओळखलं होतं, तेवढं सोडून. ऐकता ऐकता ती माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली आणि तिचे डोळे भरून आले. "म्हणजे माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "मी तो मेसेज उघडून बघायला हवा होता. मी नावंच काढून टाकली."

या जागी एक प्रामाणिक बाई म्हणाली असती, नाही गं, तू मला विचारलं होतंस. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "तुला कसं ठाऊक असणार?" किती प्रेमळ वाटत होते मी!

तिने मला गाडीवर मागे बसवलं आणि आम्ही दिंडोरी रोडला बागायतदारांकडे गेलो. त्यांना कळलं तेव्हा ते खाली बसले. म्हणाले, "आयचे गुडघे दुखतेत, तिला रंग आवडला म्हनून मी पेटलो. कोनी एक शब्द सांगितला असता तर..." त्यांच्या आईने स्वतः गोधडीची घडी घालून दिली. तिथून आम्ही तिघं पोस्टमास्तरांकडे. दोन खोल्यांचं घर. बागायतदार हात जोडून उभे, ती डोळे पुसत पाया पडायला वाकलेली, आणि मी सगळ्यांच्या मागे चपला नीट लावत होते.

पोस्टमास्तरांनी गोधडी हातात घेतली, एक टाका बोटाने चाचपला आणि परत दिली. "तीन वार झाल्यावर माल फिरत नाही," ते म्हणाले. "आणि गोधडी काय कपाटात ठेवायची गोष्ट आहे? आजींच्या अंगावर असू दे. ही त्यासाठीच शिवायची." मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, आलीस हेच खूप झालं." चहा केला. तिला शेजारी बसवून बायकोच्या गोष्टी सांगितल्या, कुठल्या मुलीला टाका जमत नव्हता, कुठली सुई चावायची. मी त्यांना बारा-तेरा वर्षं ओळखत होते, मला त्यातली एकही ठाऊक नव्हती.

चूक माझी, आणि माफी तिला मिळाली. मला त्या माफीचाही हेवा वाटला. खाई त्याला खवखवे म्हणतात. माझ्या घशात तो पेढा वर्षभर अडकून राहिला.

पुढच्या मेळाव्याआधी तिने कॉम्प्युटरमध्ये बदल केला. मेसेजमध्ये 'स्मरणार्थ' आलं की बोली तिथेच थांबायची, आणि पडद्यावर माणसाचं आणि ज्याच्या नावाने बोली आहे त्याचं नाव यायचं. कमिटीला ती म्हणाली, "पण ते वाचायला पडदा पुरत नाही. ते मावशींनीच पुकारलं पाहिजे. तीन वार त्यांच्याच आवाजात." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते तिने असं सहज माझ्या ओटीत घातलं. मी नवी साडी घेतली. बारीक काठाची, मोरपंखी सोडून दुसऱ्या रंगाची.

मेळाव्याला लिलाव सुरू होईपर्यंत रजिस्टर माझ्याकडेच होतं. पोस्टमास्तर आले. मी चटकन कार्ड पुढे केलं. ते मी आधीच बाजूला काढून ठेवलं होतं, सत्तेचाळीसच.

"नंबर नको, ताई," ते म्हणाले. "आता बोली लावण्यासारखं काही नाही. मुलींची गाणी ऐकायला आलोय."

मी म्हटलं, "यंदा पुकारा मी करणार आहे. स्मरणार्थ असेल तर कुणी वर चढणार नाही. कॉम्प्युटरच थांबतो."

"ऐकलं. चांगलं केलं त्या पोरीने." आवाज नेहमीसारखाच शांत होता. "तिला उगाच रडवलंत तुम्ही. त्या दिवशी मी पडद्याकडे बघत नव्हतो, ताई. तुमच्याकडे बघत होतो."

एवढं बोलून ते तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. मी सत्तेचाळीस नंबरची ओळ कोरी सोडली. आतून ती मला बोलावत होती, "मावशी, या ना लवकर, माईक तयार आहे."